मुलं घरी नसताना आगमनकाळ कसा पाळावा

धाकटा घर सोडून गेला ते 2022 साल. थोरली त्याच्या तीन वर्षं आधीच गेलेली. त्या वर्षी नाताळ नेमका रविवारी आला, त्यामुळे आगमनकाळ, म्हणजे नाताळाची वाट पाहण्याचा चार रविवारांचा काळ, जास्तीत जास्त लांबू शकतो तेवढा लांबला: 27 नोव्हेंबरपासून पुरते अठ्ठावीस दिवस. नाताळ सोमवारी आला की हाच काळ बावीस दिवसांत आटोपतो, चौथ्या आठवड्याच्या वाट्याला एकटा रविवार येतो. पण आम्हांला पहिल्याच वर्षी अठ्ठावीस मिळाले.

मी काय केलं, तर सगळं पूर्वीसारखंच. माळ्यावरचं खोकं काढलं, दिवसभर खपून घर सजवलं, आणि मेणबत्ती लावायच्या वेळी दोघांना व्हिडिओ कॉलवर हजर राहायला लावलं. थोरलीकडे तेव्हा भर दुपार, ती कामात. धाकटा जांभया देत होता. शास्त्रपाठ अर्ध्यावर असताना चित्र गोठलं, त्याचं तोंड उघडंच राहिलं. ह्यांना हसू आलं आणि मी रागावून स्वयंपाकघरात जाऊन बसले. तेव्हा हे तुम्ही करू नका, एवढ्यासाठी आधी सांगितलं.

मेणबत्त्यांच्या चक्राची, म्हणजे ॲडव्हेंट रीथची, गोष्ट मला नंतर कळली. हॅम्बुर्गमध्ये योहान हिन्रिक विखर्न नावाचे पाळक गरीब मुलांसाठी आश्रम चालवायचे. नाताळ कधी, नाताळ कधी, म्हणून मुलं जीव खायची. 1839 मध्ये त्यांनी गाडीचं जुनं चाक घेतलं, रविवारांसाठी चार मोठ्या आणि मधल्या दिवसांसाठी लहान मेणबत्त्या त्यावर बसवल्या आणि रोज एक लावत गेले. म्हणजे हे चक्र मुळात मुलांच्या उतावीळपणावरचा उपाय! मग ज्या घरात मुलंच नाहीत तिथे ते कशाला? बराच विचार केल्यावर लक्षात आलं की आमच्या घरात उतावीळ मूल मीच होते. फक्त माझं ‘कधी येणार?’ प्रभूबद्दल नव्हतं, मुलांच्या तिकिटांबद्दल होतं. कॅलेंडरवर मी प्रभूच्या जन्माकडे दिवस मोजतच नव्हते.

म्हणून पहिलं काम हे करा. मुलं येणार असतील तर त्यांच्या येण्याची तारीख एका ठिकाणी लिहून ठेवा आणि आगमनकाळ त्या तारखेपासून वेगळा काढा. ती येणार नसतील तर तेही आत्ताच मनाशी मान्य करा, ‘बघू, जमेल कदाचित’ असं चोवीस तारखेपर्यंत ताणू नका. रडू आलं तर येऊ द्या. दर रविवारी एक अशा लावायच्या चार मेणबत्त्यांपैकी पहिल्या दोन बहुतेक ठिकाणी जांभळ्या असतात त्या उगाच नाही, तो पश्चात्तापाचा आणि वाट पाहण्याचा रंग आहे. गुलाबी तिसऱ्या रविवारी लागते. त्या रविवाराचं लॅटिन नाव ‘गाउदेते’, म्हणजे ‘आनंद करा’. ते बायबलमधल्या, प्रेषित पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रातून आलंय, आणि ते पत्र त्याने बंधनात असताना लिहिलं. आपल्याला कोणी पहिल्याच रविवारी हसत उभं राहायला सांगितलेलं नाही.

चक्र लहान घ्या. आमच्याकडे आता एक ताट आहे, त्यात चार मेणबत्त्या. सगळ्या एकाच उंचीच्या आणायच्या आणि मध्येच बदलायच्या नाहीत. पहिली चारही आठवडे जळते, म्हणून नाताळापर्यंत ती बुटकी होऊन बसते आणि चौथी जवळजवळ नवी दिसते. मला ती पायरी पाहायला आवडते. सजावटीच्या खोक्यातून दर रविवारी एकच वस्तू काढायची. धाकट्याने दुसरीत असताना पुठ्ठ्याचा तारा केला होता, त्याला सहा टोकं आहेत आणि एक दुमडलेलं. तो मी मुद्दाम तिसऱ्या रविवारसाठी राखून ठेवते. येशूजन्माच्या देखाव्यातली गव्हाणी रिकामी ठेवायची, बाळ चोवीसच्या रात्री.

आता वाचन, कारण खरा आनंद मला इथे सापडला. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय ऐंशी वचनांचा आहे. मुलं लहान असताना आपण तो घाईने ओलांडून दुसऱ्यातल्या मेंढपाळांकडे धावायचो. आता वेळ आहे, तर तो चार भागांत वाचा: पहिल्या आठवड्यात वचन 5 ते 25, दुसऱ्यात 26 ते 38, तिसऱ्यात 39 ते 56, चौथ्यात 57 ते 80. रोज तोच भाग, पूर्ण आठवडा. कंटाळा येईल. चौथ्या-पाचव्या दिवशी मात्र काहीतरी नवं दिसतं.

पहिल्या आठवड्यात म्हाताऱ्या याजकाची, जखऱ्याची, वाचा जाते, कारण म्हातारपणी मूल होईल यावर त्याचा विश्वास बसत नाही. म्हणून वाचल्यावर दहा मिनिटं कोणीच बोलायचं नाही, असा आम्ही नियम केला. हे एरवीही फारसे बोलत नाहीत, त्यामुळे त्यांना हा नियम विशेष पटला. मला मात्र पहिल्या दिवशी त्या शांततेत फ्रिजचा आवाजसुद्धा सहन होईना. शनिवारपर्यंत सवय झाली. त्याच भागात त्याची बायको अलीशिबा गरोदर राहिल्यावर पाच महिने एकांतात राहते, हे मी इतकी वर्षं वाचूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मुलांना फोन कराच, पण हजेरीसाठी नको. शनिवारी एकच प्रश्न विचारा: ‘या आठवड्यात तुझ्यासाठी नेमकं काय मागू?’ मिळेल ते उत्तर कागदावर लिहून ताटाखाली ठेवा आणि रविवारी त्यावर प्रार्थना करा. धाकट्याने एकदा सांगितलं, ‘आई, रूममेटशी पटत नाही.’ एरवी ‘सगळं ठीक’ म्हणून फोन ठेवणारा मुलगा! त्या आठवड्यात मी त्या रूममेटसाठीही प्रार्थना केली, थोडी नाखुशीने.

तिसऱ्या आठवड्यात येशूची आई मरीया अलीशिबेच्या घरी येते आणि सुमारे तीन महिने राहते. या आठवड्यात कोणाला तरी घरी बोलवा, किंवा तुम्ही जा. मोठा बेत नको, माणूस एकच. आमच्या चर्चमधली एक मुलगी पहिलटकरीण होती, तिची आई लांब. एका संध्याकाळी आली आणि दोन तास बसली. तिने विचारलेलं बहुतेक सगळं झोपेबद्दल होतं. ती गेल्यावर घरात जी शांतता राहिली ती वेगळी होती, आणि त्या रात्री मरीयेचं स्तोत्र वाचताना ‘माझा आत्मा उल्लासला आहे’ या ओळीवर मला थांबावं लागलं नाही. एक सावधगिरी: आलेल्या माणसाला तुमच्या मुलांच्या जागी बसवू नका, त्याला ते लगेच कळतं.

जोडीदार नसेल, घरात खरोखर एकटेच असाल, तर शिमोन आणि हन्ना यांचा भाग (लूक 2:22 ते 38) नाताळनंतरच्या आठवड्यासाठी ठेवा. हन्ना विधवा होती, फार वयस्कर होती, आणि मंदिरात बाळ येशूला पाहिल्यावर ती गप्प बसली नाही.

चौथ्या आठवड्याचा शेवट मात्र सावकाश वाचा. अलीशिबेचं बाळ, म्हणजे बाप्तिस्मा करणारा योहान, जन्मतं, शेजारीपाजारी तिच्याबरोबर आनंद करतात, जखऱ्याची जीभ सुटते, तो गातो. आणि मग ऐंशीवं वचन: मुलगा वाढत गेला आणि इस्राएलास प्रकट होण्याच्या दिवसापर्यंत अरण्यात राहिला. म्हातारपणी मागून घेतलेला एकुलता एक मुलगा घरी राहिलाच नाही. तेव्हा आईबाप हयात होते की नाही, लूक सांगत नाही. असतील तर त्या घरातही संध्याकाळी दोनच माणसं होती. गेल्या वर्षी हे वचन वाचून झाल्यावर ह्यांनी चौथी मेणबत्ती विझवली नाही. म्हणाले, ‘राहू दे थोडा वेळ.’