चित्रपटांना गुण देताना

पाचपैकी गुण द्यायचे म्हटलं की माझे जवळजवळ सगळेच चित्रपट साडेतीनवर येऊन थांबायचे. मग प्रत्येक आकड्याचा अर्थच ठरवून टाकला. पाच म्हणजे 'फँड्री' (2013). शेवटी त्यातल्या जब्या या मुलाने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्यावर, म्हणजे आपल्यावरच येतो. तोवर साठलेला सगळा अपमान त्यात असतो. नवा चित्रपट याच्या किती जवळ गेला, हे आधी बघते. चार म्हणजे पुन्हा तिकीट काढून पाहीन, तीन म्हणजे टीव्हीवर लागला तर उठणार नाही. त्याखाली फार डोकं लावत नाही. अर्धे गुण बंद. आणि आकडा लिहायचा तो दुसऱ्या दिवशीच. थिएटरातून निघताना गाणी कानात घुमत असतात, तेव्हा पटकथा कुठे ढिली पडली ते जाणवत नाही.