थंडीच्या मुलखात घर घेताय? बाहेरच्या नळाकडे आधी लक्ष द्या

साताऱ्या-सांगलीकडची मुलं आता अमेरिकेत नुसती नोकरीला जात नाहीत, काही वर्षांत तिथे घरंही घेतात. मी मिनेसोटात, मिनीॲपोलिसजवळ राहते. माहेर-सासर दोन्ही साताऱ्यातलं, त्यामुळे दिवाळीला इकडे आले की शाहूपुरीतून, गोडोलीतून, कधी कऱ्हाडहूनही कुणी ना कुणी चौकशीला येतं. लेकीने घर घेतलंय, मुलगा जानेवारीत जातोय, आम्ही सहा महिने जाणार आहोत. प्रश्न ठरलेले असतात: कोट केवढा जाड घ्यायचा, बूट इथून न्यायचे का, भाकरीचं पीठ मिळतं का. त्या सगळ्याची सोय तिथे गेल्यावर होते. घराच्या बाहेरच्या भिंतीत एक नळ असतो, त्याबद्दल मात्र कुणीच विचारत नाही. त्याच्याकडे वेळेवर लक्ष दिलं नाही, तर पुढे तळघरात गुडघाभर पाणी साचू शकतं. म्हणून आज तेवढंच नीट सांगते.

आपल्याला हे सुचत नाही याला कारण आहे. डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी, लिंगमळ्याला दवबिंदू गोठतात, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर बसतो, वर्तमानपत्रात फोटो येतात. पण तो गारठा पहाटेच्या काही तासांचा. ऊन चढलं की विषय संपला. पाइपातलं पाणी गोठायला थंडी नुसती कडक असून चालत नाही, ती टिकावी लागते. मिनीॲपोलिसला ३० जानेवारी २०१९ ला पारा उणे २८ फॅरनहाइटवर गेला होता, म्हणजे साधारण उणे ३३ सेल्सिअस. एरवीच्या हिवाळ्यातही आठवडेच्या आठवडे भर दुपारीसुद्धा पारा शून्य सेल्सिअसच्या वर येत नाही.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, हे शाळेत शिकलेलं असतं. म्हणून बर्फ पाइपाला आतून ढकलतो आणि पाइप फाटतो, असं सगळ्यांना वाटतं. बहुतेक वेळा तसं होत नाही. पाइपात एके ठिकाणी बर्फाचं बूच बसतं आणि ते दोन्हीकडे वाढायला लागतं. पुढे नळ बंद असतो. मधल्या कोंडलेल्या पाण्याला जायला वाटच उरत नाही. सायकलच्या पंपाच्या तोंडावर अंगठा दाबून दांडा रेटावा, तसा दाब चढत जातो आणि पाइप कुठेतरी उभा चिरतो. ती चीर बर्फापासून लांबसुद्धा असू शकते. म्हणूनच नळ किंचित उघडा ठेवायला सांगतात. दाब निघून जायला वाट मिळाली की बूच बसूनही पाइप वाचू शकतो.

चिरलेल्या पाइपातून लगेच पाणी येईलच असं नाही, कारण बर्फानेच वाट अडवलेली असते. थंडी उतरते, बर्फ वितळतो, आणि मग पाणी सुटतं. इथे आपल्या सवयीचा दुसरा घोटाळा होतो. साताऱ्यात गच्चीवर टाकी असते. पाइप फुटला तर टाकीतलं हजारभर लिटर जाईल आणि थांबेल. नगरपालिकेचं पाणी तर ठरल्या वेळीच येतं. तिथे टाकी नाही. गावाच्या पाण्याची लाइन चोवीस तास दाबाखाली थेट घरात आलेली असते. कुणी कॉक बंद करेपर्यंत पाणी येतच राहतं. घरात कुणी नसेल तर ते किती दिवस चालेल, ते घर उघडण्यावर आहे.

म्हणून घराच्या किल्ल्या हातात आल्या की पहिलं काम, मेन कॉक, म्हणजे सगळ्या घराचं पाणी एकदम बंद करणारा कॉक, शोधायचा. थंड राज्यांत तो बहुतेक तळघरात, रस्त्याकडच्या भिंतीपाशी, मीटरजवळ असतो. टेक्ससमध्ये पुष्कळदा अंगणात, फुटपाथजवळ जमिनीतल्या झाकणाखाली असतो आणि फिरवायला वेगळी लांब चावी लागते. ती आधीच आणून ठेवा. दांड्याचा कॉक असेल तर दांडा पाइपाच्या रेषेत म्हणजे चालू, आडवा म्हणजे बंद. गोल चाकाचा असेल तर घड्याळाच्या दिशेने फिरवून बंद होतो. जुना चाकाचा कॉक वर्षानुवर्षं न फिरवल्याने जाम होतो, म्हणून वर्षातून एकदा बंद-चालू करून बघा. घरातल्या प्रत्येकाला, म्हणजे दिवसभर घरी असणाऱ्या आई-बाबांनाही, तो हाताने फिरवून दाखवा. आमच्याकडे त्यावर ‘मेन कॉक’ अशी मराठीत चिठ्ठी बांधलेली आहे. पाणी उडत असताना इंग्रजी पाट्या वाचत बसायला कुणाला सुचत नाही.

आता तो बाहेरचा नळ. अलीकडच्या घरांत तो बहुधा न गोठणाऱ्या प्रकारचा असतो. दुकानात त्याला ‘फ्रॉस्ट-फ्री’ म्हणतात. मूठ बाहेर असली तरी पाणी अडवणारा भाग सहा ते बारा इंच आत, घराच्या उबेत असतो. नळ बंद केला की मधल्या नळीतलं पाणी बाहेर निथळून जातं. बंद केल्यावर काही सेकंद थेंब पडतात ते त्यामुळेच. नळ गळतोय असं समजून मूठ आवळत बसू नका, आतला वॉशर खराब होतो. नळी बाहेरच्या बाजूला थोडी उतरती बसवलेली असावी लागते. आत उतार असेल तर पाणी आतच राहतं. घर घेताना तपासणी करणाऱ्याला हे मुद्दाम बघायला सांगा.

नाव ‘फ्रॉस्ट-फ्री’ आहे म्हणून लोक निर्धास्त राहतात आणि बागेची होज, म्हणजे झाडांना पाणी घालायचा लांब लवचीक पाइप, तशीच लावून ठेवतात. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान याच एका गोष्टीने होतं. होज लावलेली असली की नळीतलं पाणी निथळायला जागा राहत नाही. ते भिंतीच्या आत गोठतं आणि नळी आतच चिरते. हिवाळाभर काहीच कळत नाही, कारण नळ बंद आहे. एप्रिल-मेमध्ये झाडांना पाणी घालायला नळ उघडला की बाहेर धार लागते आणि आत तळघराच्या भिंतीतूनही पाणी उतरायला लागतं. तेव्हा होज काढाच. तिच्यासोबत दोन तोंडांचा जोड, टायमर, नळाला लावलेलं जे काही असेल तेही काढा. नुसती होजच्या टोकाची पिचकारी काढून भागत नाही.

कधी काढायची? तारीख विसरते, सण विसरत नाही. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगनकडे कोजागिरीचं दूध आटवाल त्या आठवड्यात. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनियाकडे दिवाळीची साफसफाई करताना काढली तरी सहसा चालतं, पण हवामानाच्या अंदाजावर नजर असू द्या. अंगणात स्प्रिंकलर असेल तर त्याच सुमारास माणूस बोलावून कंप्रेसरच्या हवेने जमिनीतल्या पाइपांतलं पाणी उडवून घ्या. हे घरी करू नका. हवेचा दाब जास्त झाला तर पाइप आणि तोट्या फुटतात, इजाही होऊ शकते.

जुन्या घरात साधा नळ असतो. त्याला आत, तळघराच्या छताजवळ, वेगळा कॉक दिलेला असतो. छत झाकून घेतलं असेल तर एखादं छोटं दार शोधा, त्यामागे तो सापडेल. आधी आतला कॉक बंद करायचा, मग बाहेरचा नळ पूर्ण उघडायचा. आतल्या कॉकला पुष्कळदा एक बारीक पितळी टोपण असतं. खाली बादली धरून ते सैल केलं की हवा आत जाते आणि उरलंसुरलं पाणी उतरतं. मग टोपण लावून टाका. काहीजण नळ उघडा ठेवावा म्हणतात, काही बंद. पाणी खरोखर निघालं असेल तर दोन्ही चालतं. मी उघडा ठेवते. आतला कॉक थोडा झिरपत असेल तर बाहेर थेंब दिसतात आणि वेळीच कळतं.

नळावर बसवायची फोमची टोपी थोडक्या डॉलरांत मिळते. ती उब तयार करत नाही, भिंतीतून येणारी उब फक्त थोडी धरून ठेवते. दोन रात्रींच्या थंडीला पुरते. महिनाभराच्या थंडीत होज काढणं, पाणी उतरवणं याला ती पर्याय नाही.

टेक्सस, जॉर्जियाकडे गेलेल्यांनी ‘आमच्याकडे कुठे बर्फ पडतो’ म्हणून हे सोडून देऊ नये. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससमध्ये थंडीची लाट आली. डॅलसला १६ तारखेला पारा उणे २ फॅरनहाइट, म्हणजे उणे १९ सेल्सिअसपर्यंत उतरला, त्यातच वीज गेली, आणि असंख्य घरांत पाइप फुटले. तिथली घरं उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून बांधलेली. पाइप माळ्यावरून, बाहेरच्या भिंतीतून नेलेले, आवरण पातळ. अशा घरात पारा २० फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे उणे ७ सेल्सिअसच्या खाली जाणार असं दिसलं की रात्रीची तयारी करा. उघड्या पाइपांना फोमची नळी चढवा. गॅरेजमध्ये पाइप असेल तर त्याचं दार बंद ठेवा. सिंक बाहेरच्या भिंतीला असेल तर खालच्या कपाटाची दारं उघडी टाका, घरातली उब आत जाईल. कपाटातली साफसफाईची रसायनं तेवढी लहान मुलांच्या हातापासून दूर ठेवा. आणि अशा सिंकचा नळ, गरम-गार दोन्ही, अगदी बारीक धारेने चालू ठेवा.

या शेवटच्या गोष्टीवर आपल्या घरांत हमखास अडतं. कासच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला वाहता नळ बघवत नाही. रात्री आजोबा उठतात, टपटप ऐकतात आणि नळ घट्ट बंद करून परत झोपतात. त्यांचं चुकत नाही, आयुष्यभराचा संस्कार आहे. त्यांना आधी समजावून सांगा, खाली पातेलं ठेवा, सकाळी ते पाणी कुंड्यांना वापरा. तसंच हीटिंगचं. दिवसा आपणच दोघं घरी आहोत म्हणून ते बटण खाली करतात आणि स्वेटर घालून बसतात. कडाक्याच्या थंडीत रात्रंदिवस तापमान एकसारखं ठेवायचं असतं, ते भिंतीतल्या पाइपांसाठीसुद्धा, हे त्यांना सांगितलं की पटतं.

खरी जोखीम असते ती डिसेंबरात. मुलांना सुट्टी लागते, इकडे लग्नसराई असते, आणि आपण तीन-चार आठवडे घर बंद करून साताऱ्याला येतो. त्या दिवसांत थर्मोस्टॅट, म्हणजे हीटिंगचं तापमान ठरवणारं बटण, ५५ फॅरनहाइटच्या, म्हणजे १३ सेल्सिअसच्या खाली नेऊ नका. पूर्ण बंद तर कधीच नको. त्याशिवाय मेन कॉक बंद करा, वरच्या मजल्यावरचा आणि सगळ्यात खालचा नळ उघडून पाइपांतलं पाणी उतरू द्या, फ्लश एकदा ओढा, गीझर सुट्टीच्या सेटिंगवर ठेवा. घरात गरम पाण्याचे रेडिएटर किंवा आग विझवणारे स्प्रिंकलर असतील तर मेन बंद करण्याआधी प्लंबरला विचारा, कारण काही ठिकाणी त्यांना पाणी लागतंच. घर तापवणारी भट्टी (फर्नेस) गॅसची असली तरी तिचा पंखा विजेवर चालतो. वीज गेली की उब गेली. म्हणून किल्ली शेजाऱ्याकडे द्या, दोन-तीन दिवसांनी आत डोकवायला सांगा आणि त्यालाही मेन कॉक दाखवून ठेवा. घराचं तापमान उतरलं की फोनवर कळवणारी यंत्रं मिळतात, तीही चांगली. विम्याचे कागद निघण्याआधी वाचा. रिकाम्या घरात हीटिंग चालू ठेवलं नव्हतं असं दिसलं तर पुष्कळ कंपन्या भरपाई नाकारू शकतात.

भाड्याच्या घरात राहत असाल तर पाइपांची जबाबदारी बहुधा मालकाची, पण हीटिंग चालू ठेवणं तुमचं. नळाला पाणी येईना झालं की लगेच कळवा.

सकाळी नळ उघडला आणि पाणीच नाही, किंवा करंगळीएवढी धार, तर पाइप गोठलाय असं समजा. नळ उघडाच ठेवा. हेअर ड्रायरने किंवा गरम पाण्यात पिळलेल्या टॉवेलने पाइप शेकायला सुरुवात करा, आणि नळाच्या बाजूने गोठलेल्या भागाकडे जा, म्हणजे वितळलेलं पाणी बाहेर पडेल. गॅसचा टॉर्च, मेणबत्ती, शेगडी अजिबात नको. लाकडी भिंतीच्या घराला त्यातून आग लागते. आसपास पाणी साचलं असेल तर विजेची वस्तू हातात धरू नका. शेकताना एक माणूस मेन कॉकपाशी उभा राहू द्या. पाइप भिंतीच्या आत असेल किंवा चीर दिसली, तर मेन बंद करून प्लंबरला बोलवा.

हिवाळा सरल्यावर बाहेरचा नळ पहिल्यांदा उघडताना एकटे उघडू नका. एकाने तळघरात, नळाच्या मागच्या भिंतीपाशी थांबायचं. साध्या नळाचा आतला कॉक आधी हळूहळू चालू करायचा. बाहेरच्याने नळ पूर्ण उघडून तोंडावर अंगठा दाबायचा. दाब नेहमीचा असेल तर अंगठ्याने धार थांबत नाही, बाजूने फवारे उडतात. सहज थांबली, तर पाणी आत कुठेतरी दुसरीकडे जातंय. लगेच नळ बंद करा, आतला कॉक असेल तर तोही, आणि नळी बदलेपर्यंत तो नळ वापरू नका.