छत धड, तरी गाडीत पाणी

आषाढात गंगापूर रोडला माझी कन्व्हर्टिबल, म्हणजे कापडी छत दुमडता येणारी गाडी, रात्रभर पावसात उभी राहिली. सकाळी दार उघडलं तर कुबट वास, आणि सीटमागचं कार्पेट पिळलं तर पाणी निघेल इतकं ओलं. कापडी छत फाटलं असंच वाटलं. पण छत धडधाकट होतं! छतावरचं पाणी सीटमागच्या पन्हळीत येतं आणि दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून गाडीखाली पडतं. त्या नळ्यांच्या तोंडाशी गुलमोहराची बारीक पानं चिखलासारखी घट्ट बसली होती. तार घातली नाही, तिने नळी फाटू शकते. मऊ नायलॉनची दोरी हलक्या हाताने फिरवली, मग पेलाभर पाणी ओतलं. गाडीखाली धार लागली तेव्हा जिवात जीव आला. कार्पेट उचलून दोन दिवस वाळवलं. छतही पूर्ण कोरडं झाल्यावरच दुमडलं. ओलं दुमडलं की बुरशी धरते.