मे महिन्यात तंबू घेऊन जुन्नर ते भंडारदरा

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन तंबूत राहायचे म्हटले की घरातून पहिला आक्षेप उन्हाचा येतो, आणि तो खराच असतो. मे महिन्यात दुपारी बारा ते चार या वेळात मुलांना किल्ल्यावर नेणे हा निव्वळ अविचार आहे. परंतु पहाटेपासून नऊपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर हाच मुलूख प्रसन्न असतो, घाटमाथ्यावर रात्री पातळ पांघरूण लागते, आणि पावसाळ्यातले धुके, निसरड्या वाटा व शनिवार-रविवारची झुंबड यांपैकी काहीही वाट्याला येत नाही. आम्ही काही वर्षे पुण्याहून जुन्नर, नाणेघाट आणि भंडारदरा असा चार दिवसांचा प्रवास आपल्या मोटारीने करत आलो आहोत. त्यातून पटलेली गोष्ट एकच की या सहलीची आखणी ठिकाणांच्या यादीवरून न करता पाणी आणि सावली यांवरून करावी.

पाण्याचा हिशेब आधी मांडावा. पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी रोज पाच लिटर धरले, तर चौघांच्या कुटुंबाला दिवसाला वीस लिटर लागतात. दोन दिवसांचा साठा दोन कॅनमध्ये भरून ते डिकीत मागच्या आसनाला टेकवून, हलणार नाहीत असे बांधावेत. जुन्नर आणि राजूर या दोन ठिकाणी कॅन पुन्हा भरून घेता येतात. घाटमाथ्यावरील वाड्यावस्त्यांमध्ये मे महिन्यात विहिरी तळ गाठतात आणि बायाबापड्या हंडे घेऊन टँकरची वाट पाहत असतात. तेथे शहरातून आलेल्या माणसाने अंघोळीसाठी पाणी मागणे शोभत नाही. ओल्या कपड्याने अंग पुसून घ्यावे, भांडी आधी राखेने घासून मगच थोड्या पाण्याने विसळावीत. मुलांना दोन दिवसांत याची सवय होते, कुरकुर बहुधा मोठ्यांचीच असते.

पुण्याहून पहाटे पाचच्या आत निघावे, कारण एकदा उजाडले की चाकणच्या वाहतुकीत तास-दीड तास सहज जातो. नारायणगावला न्याहारी करून आठच्या सुमारास शिवनेरीच्या पायथ्याशी पोहोचता येते. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवाजी महाराजांचा जन्म या किल्ल्यावर झाला हे मुलांना पाठ असते. पायऱ्या चढताना एकामागोमाग सात दरवाजे लागतात. शत्रूला प्रत्येक वळणावर वरच्या तटातून कसे टिपता आले असते, हे त्यांना एखाद्या दरवाजाच्या देवडीत बसवून दाखवावे. चढाची दमणूक त्यात विसरली जाते. शिवाई देवीचे मंदिर, जन्मस्थानाची इमारत आणि खडकात खोदलेली गंगा-जमुना ही पाण्याची टाकी पाहून दहाच्या आत खाली उतरावे. कड्यांवर आग्या मोहोळे असतात, म्हणून अत्तर लावून जाऊ नये आणि वर कोणी धूर करत असल्यास तेथून मुकाट्याने निघावे.

दुपार जुन्नरमध्येच एखाद्या लॉजची खोली घेऊन झोपून काढावी. तंबूच्या सहलीत खोली कशासाठी, असा प्रश्न आम्हालाही पहिल्या वर्षी पडला होता. त्या वर्षी दुपारभर रस्त्याकडेच्या झाडाखाली बसलो आणि धाकटीला उन्हाचा त्रास होऊन दुसऱ्याच दिवशी घरी परतलो.

चार वाजता नाणेघाटाकडे, म्हणजे कोकणात उतरणाऱ्या जुन्या व्यापारी वाटेकडे, निघावे. वाटेत पूर येथे कुकडेश्वराचे प्राचीन मंदिर आहे. कुकडी नदीचा उगम येथलाच, त्यामुळे नकाशावर तिचा पुढचा मार्ग मुलांकडून शोधून घ्यावा. सूर्यास्ताला पठाराच्या कडेवर असावे, मात्र कड्यापासून चार हात मागे, कारण कोकणातून वर येणारा वारा संध्याकाळी माणसाला ढकलतो.

मुक्काम पठारावर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वर मातीचा थर पातळ आणि खाली कातळ, त्यामुळे तंबूच्या मेखा चार बोटे आत जातात आणि वाकतात. आम्ही दगडांना दोऱ्या बांधून तंबू उभा केला होता. रात्री दीड वाजता वाऱ्याने एक बाजू सुटली आणि उरलेली रात्र चौघांनी मोटारीत बसून काढली. शिवाय दिवसभर तापलेला कातळ मध्यरात्रीपर्यंत खालून ऊब देत राहतो. त्यापेक्षा जवळच्या घाटघर गावात एखाद्या घरी विचारून त्यांच्या अंगणात किंवा खळ्यात तंबू लावावा, रात्रीच्या पिठले-भाकरीचे आधीच सांगून ठेवावे आणि त्याचे पैसे न विसरता द्यावेत. जुन्नर तालुका हा बिबट्यांचा मुलूख आहे, माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्रच आहे. म्हणून अंधार पडल्यावर मुलांना लघवीलाही एकटे सोडू नये आणि उसाच्या फडाजवळ तर तंबू मुळीच लावू नये.

जागा निवडताना पूर्वेला झाड किंवा भिंत असेल असे पाहावे, म्हणजे सकाळचे ऊन तंबूवर उशिरा येते. वाळलेल्या फांद्यांखाली, माळावरच्या एकट्या झाडाखाली आणि कोरड्या ओढ्याच्या पात्रात तंबू लावू नये. मेच्या उत्तरार्धात दुपारनंतर वळीव केव्हाही कोसळतो, आणि विजा चमकू लागल्या की तंबू सोडून मोटारीत जाऊन बसणे हाच शहाणपणा. रात्री पादत्राणे आत घ्यावीत व सकाळी झटकून घालावीत, कारण विंचवाला बुटातला अंधार आवडतो. दगड हाताने उलथू नयेत, फुरसे बहुधा त्याखालीच असते. सर्पदंश झाल्यास बांधाबांध व चिरफाड न करता, तो अवयव न हलवता, १०८ क्रमांकाला फोन करून थेट ग्रामीण रुग्णालय गाठावे. चुलीसाठी नेलेली गॅसची डबी उन्हात उभ्या मोटारीत कधीही ठेवू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाणेघाटातले लेणे पाहावे. घाट पश्चिमेकडे उतरत असल्यामुळे तेव्हा तेथे सावली असते. माथ्यावर जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजण आहे. लेण्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत सातवाहन राणी नागनिकेचा लेख असून त्यात यज्ञांत दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि नाणी यांची मोजदाद अंकांसह कोरलेली आहे. मागच्या भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींचे पुतळे होते. आता त्यांच्या पावलांचे अवशेष आणि वर कोरलेली नावे एवढेच उरले आहे. मोबाइलचा दिवा अक्षरांवर समोरून न धरता भिंतीला चिकटवून तिरपा धरल्यास खोदलेल्या रेषांत सावली पडते आणि अक्षरे उठून दिसतात. मोठ्या मुलीने अशा रीतीने एक आकडा वहीत उतरवून घेतला होता. भिंतीला हात मात्र लावू देऊ नये.

जुन्नरहून ओतूर, ब्राह्मणवाडा, कोतूळ, राजूर या रस्त्याने भंडारदऱ्याला जावे. रस्ता डोंगराळ व वळणांचा असल्याने मुलांना पोटभर जेवू घालून बसवू नये. वाटेत द्रोणांतून करवंदे आणि जांभळे विकायला आलेली दिसतात, ती घ्यावीत. भंडारदऱ्याला प्रवरा नदीवरील १९२६ सालच्या विल्सन धरणाचा आर्थर जलाशय या दिवसांत बराच मागे हटलेला असतो. उघड्या पडलेल्या गाळावर मोटार नेऊ नये, ती रुतते. पाण्यातही उतरू नये, कारण तळाचा उतार वरून कळत नाही. रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर आणि शेजारची पुष्करणी सकाळच्या उन्हात पाहावी. रंधा धबधब्यासाठी या दिवसांत वाट वाकडी करू नये.

सहल मेच्या अखेरच्या आठवड्यात ठेवण्याचे कारण भंडारदऱ्याचे काजवे. पहिला मोठा पाऊस लागण्यापूर्वी हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर ते हजारोंनी येतात आणि कधी कधी सबंध झाड एका तालात लुकलुकते. नर मादीला बोलावण्यासाठी प्रकाश देतात, आपल्या दिव्यांनी त्यात खंड पडतो. त्यामुळे मोटार वस्तीवर सोडून पायी जावे, विजेरीवर लाल कागद लावून ती जमिनीकडे धरावी आणि झाडाखालच्या गवतात शिरू नये, कारण माद्या तेथेच बसलेल्या असतात. परिसर अभयारण्याचा असल्याने रात्री थांबण्याच्या वेळेवर वनविभागाचे निर्बंध असतात, ते चेकनाक्यावर आधी विचारून घ्यावेत. छायाचित्राच्या नादी लागू नये, मोबाइलमध्ये बहुधा काळ्या चौकटीपलीकडे फारसे काही उमटत नाही.

परतीच्या सकाळी तंबू वळिवाने किंवा दवाने ओला असल्यास गुंडाळून तसाच डिकीत ठेवू नये. न्याहारी होईपर्यंत तो उलटा टाकून वाळवावा, आणि तेवढा वेळ नसेल तर पुण्यात पोहोचताच, जेवणाआधी, गच्चीवर पसरावा.