वैद्यकीय भत्ता बंद करून सीजीएचएस कार्ड मिळवले : माझा अनुभव

केंद्र सरकारच्या सेवेतून निवृत्त झाल्यावर मी गावी राहत होतो आणि तिथे सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचारी आणि पेन्शनरांसाठीची आरोग्य योजना) नसल्यामुळे पेन्शनसोबत दरमहा १,००० रुपये वैद्यकीय भत्ता घेत होतो. नागपुरात मुलाकडे कायमचा राहायला आल्यावर आजीवन कार्डासाठी दहा वर्षांची वर्गणी एकरकमी भरली, म्हणजे लेव्हल ६ या वेतनस्तराच्या दरमहा ४५० रुपये दराने ५४,०००. तरीही अर्ज परत आला, कारण भत्ता बंद झाल्याचा दाखला सोबत नव्हता.

पेन्शन देणाऱ्या बँकेत तीन महिने ‘पुढच्या महिन्यात होईल’ एवढेच ऐकले आणि पासबुकात भत्त्याची रक्कम मात्र नेमाने जमा होत राहिली. शेवटी तोंडी विनंती सोडून लेखी अर्ज दिला, त्याला पीपीओची (पेन्शन देण्याच्या आदेशाची) प्रत जोडली आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतली (हे पहिल्याच दिवशी सुचायला हवे होते). पंधरवड्यात दाखला हाती आला, तो जोडून पुन्हा केलेला अर्ज मंजूर झाला आणि अर्जानंतर मिळालेला जादा भत्ता पेन्शनमधून वळता झाला.

सत्तरी ओलांडलेल्यांनी एवढे पाहावे की, सीजीएचएस आणि आयुष्मान वय वंदना (ज्येष्ठांसाठीची सरकारची मोफत उपचार योजना) यांपैकी एकच योजना निवडता येते.