उरलेल्या पावाचा कुस्करा

आमच्याकडे पावभाजी केली की भाजी संपते आणि पाव उरतात. नेहमीच. माणशी हिशेब करून आणले तरी सहा-आठ पाव दुसऱ्या दिवशी ओट्यावर असतातच. त्यांचा मी कुस्करा करते. फोडणीच्या पोळीचाच हा भाऊ म्हणा, फक्त जरा लाडावलेला: पोळीला पाण्याचा हबका चालतो, पावाला नाही.

हे मला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी कळलं. पाव कडक झालेत म्हणून मी ते पाण्यात बुडवले, पिळले आणि फोडणीत टाकले. पाच मिनिटांत कढईत पिवळी खळ तयार! सासूबाईंनी झाकण उचलून पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "अगं, पोहे भिजवतात. पाव नाही." वर आम्ही ती खळ खाल्लीही, कारण टाकून द्यायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती.

तर पाव शिळाच हवा. ताजा, लुसलुशीत पाव यासाठी वापरू नका, तो फोडणीतल्या ओलाव्याने लगेच बसतो. पाव कडक होतो तो नुसता वाळून नव्हे. त्यातला स्टार्च थंड होताना आवळत जातो, आणि फ्रिजमध्ये हे बाहेरच्यापेक्षा लवकर होतं. गरम वाफ लागली की तो पुन्हा सैल पडतो. म्हणून पाणी नाही, वाफ. मात्र हिरवा-पांढरा बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढाच कोपरा कापून बाकीचा वापरायचा नाही. पाव मऊ आणि जाळीदार असतो, बुरशी डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे पोचलेली असते. तो सरळ टाका.

आठ पावांचे हाताने तुकडे करा, बोराएवढे. मिक्सरला लावू नका, चुरा होतो आणि चुऱ्याचा पुन्हा लगदा. स्लाइस ब्रेड असेल तर कडा काढू नका, आणि मुलं पुडक्यात तशीच ठेवतात ती टोकाची जाड स्लाइस तर मुद्दाम घ्या. तुकडे चमचाभर तेलावर मंद आचेवर परता. सात-आठ मिनिटं लागतात. कढई हलवल्यावर तुकडे खुळखुळ वाजायला लागले की परातीत काढा. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण सगळी गंमत इथेच आहे.

आता अर्धी वाटी ताक घ्या. जरा आंबट असेल तर उत्तम. मीठ आणि चमचाभर साखर या ताकातच विरघळवा. कोरड्या तुकड्यांवर मीठ भुरभुरवलं तर एक घास खारट आणि दुसरा अळणी लागतो. पावात मीठ असतंच, त्यामुळे पोह्यांना घालता त्याच्या निम्मंच घाला.

त्याच कढईत तीन चमचे तेल तापवा. मूठभर शेंगदाणे तळून बाजूला काढा. मग मोहरी, ती पूर्ण तडतडू द्या, अर्धी कच्ची राहिली तर दाताखाली कडू लागते. जिरं, हिंग, आठ-दहा कढीपत्त्याची पानं, तीन हिरव्या मिरच्या. दोन कांदे बारीक चिरून घाला आणि कडेने तांबूस होईपर्यंत परता. हळद कांद्यानंतर, अर्धा चमचा. आधी घातली की कांदा होईपर्यंत ती करपते. टोमॅटो मी घालत नाही. तुम्हाला हवाच असेल तर एक घाला आणि तेल सुटेपर्यंत आटवा.

तुकडे आणि दाणे घालून हलक्या हाताने वर-खाली करा. मग ताक हाताने शिंपडा, ओतू नका. तीन वेळा थोडं थोडं, दर वेळी परतून. तुकडा दोन बोटांत दाबून पाहा: वरून मऊ आणि मधे किंचित कडक लागला की थांबा, वाटीत ताक उरलं तर उरू दे. झाकण ठेवून दोनच मिनिटं वाफ काढा. वरून कोथिंबीर आणि असेल तर ओलं खोबरं. ताक गोडसर असेल तरच लिंबू पिळा.

लगेच वाढा. तासाभराने तो चिवट होतो आणि मग चहात बुडवूनच खावा लागतो (नवरा तसाही खातो, ते सोडा). कढईच्या बुडाशी हळदीची, कांद्याची जी खमंग खरवड धरते, ती मात्र मी कोणाच्या ताटात वाढत नाही. ती गॅसपाशी उभ्या उभ्या, उलथन्यावरूनच संपते.