दुसरं लग्न केलेल्या विश्वासी कुटुंबांनो, या चुका टाळा (मी स्वतः केल्यात म्हणून सांगते)

जय ख्रिस्त. माझं दुसरं लग्न २००९ मध्ये झालं, मी विधवा आणि हे विधुर, माझा मुलगा सहा वर्षांचा आणि यांची मुलगी नऊ वर्षांची. आमच्या चर्चच्या मंडळीत तेव्हापासून असं कुठलंही लग्न ठरलं की पाळकसाहेब त्या जोडप्याला आमच्याकडे चहाला पाठवतात. इतक्या वर्षांत चहा बदलला, कप बदलले, पण चुका त्याच त्याच, आणि खरं सांगते, मला आता त्या बघवत नाहीत, कारण त्यात रडतात ती लेकरंच.

सगळ्यात मोठी चूक, जी मी स्वतः केली. नवीन घर म्हणून जुनं सगळं पुसायला जाणं.

आमचा एकत्र पहिला नाताळ होता. मी उत्साहात घराला रंग काढला, कपाटं आवरली, आणि एका फळीवर गीतांचं एक जुनं पुस्तक होतं, पुठ्ठा सुटलेला, पानापानावर पेन्सिलच्या खुणा, ते मी रद्दीत टाकलं कारण घरात नवीन चार आणली होती. चोवीस तारखेला रात्री कॅरलवाले आले, सगळे गायला उभे राहिले आणि मुलगी फळीकडे गेली. पुस्तक नाही. ती एक शब्द बोलली नाही, बाथरूममध्ये जाऊन बसली ती कॅरलवाले केक आणि करंज्या खाऊन निघून जाईपर्यंत बाहेरच आली नाही. त्या खुणा तिच्या आईच्या होत्या, आई आजारी असताना रोज रात्री तिला घेऊन त्यातलं एक गीत म्हणायची, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं कारण मी कुणाला विचारलंच नव्हतं. नाताळच्या दिवशी उपासनेच्या आधी हे त्या रद्दीवाल्याच्या घरी जाऊन आले, पण माल आदल्या दिवशीच पुढे गेला होता. ते पुस्तक आजपर्यंत मिळालं नाही.

आणि त्यावर आणखी वाईट असं की मी माफी मागायला दोन आठवडे लावले. मोठ्या माणसाने लहान मुलाची माफी कशी मागायची म्हणून, आणि दर रविवारी मात्र क्षमेवर संदेश ऐकत बसलेले असायचे.

तेव्हापासून माझा नियम आहे, कुठल्या पुस्तकातला नाही, माझा आहे. पहिलं एक वर्ष घरातली एकही जुनी वस्तू मुलांना विचारल्याशिवाय हलवायची नाही. पडदे नाहीत, पातेली नाहीत, आणि गेलेल्या आईचा किंवा बापाचा फोटो तर अजिबात नाही. आमच्याकडे तिच्या आईचा फोटो हॉलमध्येच आहे. तिच्या स्मरणदिनी आम्ही चौघं फुलं घेऊन कबरस्तानात जातो, माझ्या पहिल्या मिस्टरांच्या दिवशीही तसंच. लोक म्हणतात त्याने जखम उघडी राहते. माझा अनुभव उलटा आहे, झाकून ठेवली तर ती आतून चिघळते.

दुसरी चूक, "मम्मी म्हण", "पप्पा म्हण". कृपा करून हे करू नका, आणि पाहुण्यांसमोर तर नकोच. मुलं मावशी म्हणतील, काका म्हणतील, काही महिने काहीच म्हणणार नाहीत, समोर येऊन नुसतं "ऐका ना" म्हणतील. चालतं. नाव मुलांना ठरवू द्या.

आता तिसरी चूक, जिच्यावर मी फार वेळ बोलते असं हे म्हणतात, पण बोलणार. वचनाची, म्हणजे बायबलमधल्या ओळींची, छडी करणं. आमच्याकडे एक विश्वासी भाऊ आले होते, लग्नाला पाच महिने झालेले, बायकोचा मुलगा चौदा वर्षांचा, उलट बोलतो म्हणून या भावांनी त्याला "आपला बाप व आपली आई ह्यांचा मान राख" हे पन्नास वेळा वहीत लिहायला लावलं. मुलाने लिहिलं. आणि त्या रविवारपासून चर्चला यायचं बंद केलं. भाऊ मला विचारतात, ताई, वचन चुकीचं होतं का? वचन कसं चुकेल? पण इफिसकरांस पत्र, सहावा अध्याय, तुम्ही दुसऱ्या वचनावर थांबलात, चौथं वाचलंच नाहीत. तिथे बापांना सांगितलंय की मुलांना चिरडीस आणू नका. आणि त्या मुलाचा बाप तर दुसऱ्या गावात जिवंत आहे, त्याच्या मनात तो बाप म्हणजे तोच, तुम्ही अजून आईचा नवरा आहात. हे ऐकायला कडू आहे, माहितीये मला. मग त्यांनी माझं एवढंच ऐकलं की वर्षभर ओरडणं, शिक्षा सगळं आईने करायचं आणि भावांनी फक्त त्याच्यासोबत असायचं. शनिवारी सायकल दुरुस्त कर, मॅचला सोड, आण. पोरगा अजून दर रविवारी येत नाही, पण गुड फ्रायडेला आला आणि या भावांच्या शेजारी बसला.

लोक अशा वेळी लगेच योसेफाचं, म्हणजे येशूला वाढवणाऱ्या मरीयेच्या नवऱ्याचं, उदाहरण देतात. योसेफ चांगलाच आहे, पण नीट वाचा ना. चारही शुभवर्तमानांत योसेफाचं बोललेलं एक वाक्य सुद्धा नाही. तो उठतो, रात्रीच बाळाला आणि आईला घेऊन मिसरात जातो, परत आणतो, दरवर्षी वल्हांडण सणाला यरुशलेमेला नेतो. नुसतं करतो. आणि बारा वर्षांनंतर मरीया मंदिरात येशूला म्हणते, "तुझा पिता आणि मी". हे नाव योसेफाने मागून घेतलेलं नाही, आईने मुलासमोर दिलंय. बायकांनो, तुमचं काम ते आहे. पण योसेफाला ते लेकरू जन्मापासून मिळालं होतं. तुमच्या घरातल्या बारा वर्षांच्या पोराला आधीचं सगळं आठवतं, म्हणून मी नवीन जोडप्यांना आधी बायबलमधल्या उत्पत्ती पुस्तकाचा सदतिसावा अध्याय वाचायला लावते. चार आयांची मुलं एका घरात, बाप याकोब एकालाच पायघोळ झगा देतो, आणि भाऊ त्याच्याशी धड बोलेनासे होतात. नाताळचे कपडे आणताना तो झगा आठवा. माझा आणि तुझा असा फरक मुलांना दुकानातच कळतो.

आता बाकीच्या, पटपट.

घरच्या प्रार्थनेत टोमणे नकोत. "प्रभू, या मुलीला आज्ञाधारक कर" असं मोठ्याने म्हणता तेव्हा तुम्ही देवाशी बोलत नसता.

आजोळ तोडू नका. गेलेल्या आईची आई ही मुलांची आजीच राहते, सुट्टीत पाठवा.

घटस्फोट झालेला असेल तर मुलांसमोर त्यांच्या खऱ्या बापाच्या किंवा आईच्या चुकांची साक्ष देत बसू नका.

चर्चच्या कॅम्पला किंवा कन्व्हेन्शनला (मोठ्या प्रार्थनासभेला) पाठवलं, कुणीतरी हात ठेवून प्रार्थना केली की मूल बदलून येईल, ही आशा सोडा. प्रार्थना करा, जरूर करा, मी रोज करते. पण मूल तीन दिवसांनी त्याच घरात परत येतं. याकोब राहेलशी लग्न करण्यासाठी सात वर्षं राबला आणि लोक मला सात आठवड्यांत फोन करतात की ताई, अजून जवळ येत नाही.

आणि ज्या घरात मूल अगदीच तुटल्यासारखं वाटतंय त्यांनी उत्पत्तीचा एकविसावा अध्याय वाचा. अब्राहामाची दासी हागार आणि तिचा मुलगा इश्माएल यांना घरातून काढलं, पाणी संपलं, आई लांब जाऊन रडत बसली, आणि तिथे लिहिलंय की देवाने मुलाची वाणी ऐकली. त्या मुलाची, ज्याला त्या घरातून बाहेर काढलं होतं. माझी मुलगी बाथरूममध्ये बसली होती तेव्हा मी ऐकलं नाही, पण त्याने ऐकलं, एवढ्यावर मी कितीतरी रात्री काढल्यात.

शेवटची चूक कागदाची आहे, विश्वासी लोक इथे हमखास झोपतात. आपल्याला, ख्रिस्ती लोकांना, भारतीय वारसा कायदा १९२५ लागू होतो (गोव्यात वेगळा आहे, तिथल्यांनी तिथे विचारा). त्यात सावत्र मुलाला आपोआप काहीही मिळत नाही. मृत्युपत्र न करता नवरा गेला तर बायकोला एक तृतीयांश, बाकी त्याच्या स्वतःच्या मुलांना. तुम्ही पंधरा वर्षं वाढवलेलं मूल त्यात नाही. आणि याच कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे लग्न केलं की आधी केलेलं मृत्युपत्र रद्द होतं, म्हणजे पहिल्या जोडीदारानंतर तुम्ही मुलांसाठी जे लिहून ठेवलं असेल ते दुसऱ्या लग्नाच्या दिवशी संपलं. आमचंही संपलं होतं, आम्हाला चार वर्षांनी कळलं. नवीन करा, वकिलाला दाखवा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याची किंवा त्याच्या नवराबायकोची सही साक्षीदार म्हणून घेऊ नका, नाहीतर त्याचाच हिस्सा जातो. आम्ही दोघांची नावं मुलगा, मुलगी म्हणून लिहिली, हिस्सा सारखा, आणि लिहिल्यावर दोघांना बसवून वाचून दाखवलं.